मुका मार : कामठ्याच्या बांधीपासून दवाखान्यापर्यंत

गोंदिया तालुक्यातलं कामठा हे जुन्या जमीनदारीचं, धान पिकवणारं गाव. धानाच्या गावात अंगाला लागणारा मार बहुतेक वेळा कातडी न फाटता लागतो. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या धुऱ्यावरून पाय घसरतो आणि माणूस मांडीवर आपटतो. बैल जुंपताना पोटरीवर लाथ बसते, धानाचं पोतं उतरवताना हातातून सुटून पायावर येतं, ट्रॉलीवरून उडी मारताना खुबा फाळक्याला घासतो. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करणाऱ्यांच्या नडग्यांवर दगड-खोडांचे डाग उठलेले असतात. रक्त बाहेर आलेलं नसतं, म्हणून अशा माराला घरात फारशी किंमत नसते. 'मुका मार आहे, बसेल आपोआप' असं म्हणून काम पुढे चालतं.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. मुका मार आपोआपच बसतो. औषधांच्या दुकानात आणि घरातल्या डब्यांत त्यावरचे जे उपाय आहेत, त्यांतल्या फार थोड्यांमुळे तो लवकर बसतो. दगावण्याची किंवा अवयव गमावण्याची वेळ येते ती दोनच वाटांनी. एक, बऱ्या होऊ घातलेल्या माराला आपण चोळून, शेकून, आवळून बिघडवतो. दुसरी, वरचा डाग पाहताना खालचं किंवा आतलं काही पाहायचं राहून जातं. या दोन वाटा ओळखता आल्या तर घरचा उपाय आणि दवाखाना यांचं भांडण उरत नाही.

मार लागतो तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपून तिथेच साकळतं. ते हळूहळू साफ करण्याचं काम शरीराच्या पेशी करतात, आणि डागाचे बदलते रंग त्या कामाचेच टप्पे असतात. सुरुवातीला लालसर, मग निळा-जांभळा. पुढे रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवट बिलिव्हर्डिन तयार होतं, त्यानंतर पिवळं बिलिरुबिन. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे द्रव्य. शेवटी लोहाचा तपकिरी अंश मागे राहतो आणि तोही विरतो. साधारण दोन आठवड्यांत डाग जातो. पायावरचा जास्त दिवस रेंगाळतो. लँगलॉइस आणि ग्रेशम या दोन संशोधकांनी 1991 साली डागांच्या छायाचित्रांचा अभ्यास केला, तेव्हा मार लागून 18 तास होण्याआधी एकाही डागात पिवळा रंग आढळला नाही. यापलीकडे रंगावरून डागाचं वय नेमकं सांगता येत नाही, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. सावळ्या-काळ्या कातडीवर तर हे रंग धड दिसतही नाहीत. उन्हातान्हात रापलेल्या पायावर पाव इंच खोल साकळलेलं रक्त नुसती काळपट सावली वाटू शकतं. म्हणून आपल्याकडे डोळ्यांइतकाच हाताचा उपयोग होतो. जागा गरम आहे का, टणक आहे का, दुसऱ्या बाजूच्या पायापेक्षा फुगलेली आहे का, हे चाचपून कळतं.

आणखी एका गोष्टीने घरातली माणसं हमखास घाबरतात. मार लागतो गुडघ्यावर आणि तिसऱ्या दिवशी घोटा निळा पडतो. कपाळावर टेंगूळ येतं आणि दुसऱ्या दिवशी पापण्या काळ्या होतात. साकळलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, एवढंच त्यामागचं कारण. डाग खाली सरकला म्हणजे मार पसरला असं होत नाही. पण डोक्यावरच्या माराला हा नियम पुरा पडत नाही. त्याबद्दल पुढे.

आता घरच्या उपायांकडे. पहिला थंडाव्याचा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या चेंगरलेल्या म्हणजे पिच्चित आणि खरचटलेल्या भागावर थंड लेप द्यावा, थंड पाणी शिंपडावं, असं तिथे म्हटलं आहे. आपल्या घरांमध्ये मात्र मार लागताच विटेचा तुकडा किंवा मिठाची पुरचुंडी तापवायला घेतात. म्हणजे ज्याला आपण जुना उपाय समजतो, तो जुन्या ग्रंथाच्या उलटच आहे. आधुनिक वैद्यकात थंडाव्याचा बोलबाला झाला तो 1978 नंतर. अमेरिकेतले क्रीडावैद्य गेब मर्किन यांनी त्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणं, असे चार उपाय एकत्र सांगितले. जगभरच्या शाळांत, मैदानांवर आणि प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर तेच चार शब्द गेले. 2014 च्या सुमारास मर्किन यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याचं काम लांबू शकतं. 2019 मध्ये द्युब्वा आणि एस्क्युलिए या दोन तज्ज्ञांनी नवी मांडणी केली. तिच्यात बर्फाला जागाच नाही, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांबाबतही सावध केलं आहे. थोडा आराम, अवयव उंच, हलकी पट्टी आणि दुखणं सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करणं, यावर तिचा भर आहे.

या सगळ्याचा घरापुरता अर्थ मी असा लावतो. थंडाव्याने दुखणं कमी होतं, हे निश्चित. मार लवकर बरा होतो, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत माठातल्या पाण्याने भिजवलेलं फडकं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, काढावा, काही वेळाने पुन्हा ठेवावा. बर्फ थेट कातडीवर नको, त्याने कातडी करपते. फ्रीज नसला तरी काही अडत नाही, विहिरीचं पाणी पुरतं. पाय उशीवर, म्हणजे काळजाच्या पातळीहून उंच ठेवावा. शेकायचंच असेल तर दोन दिवस उलटल्यावर, सूज वाढायची थांबल्यावर, आणि तेही कोमट.

पण पूर्व विदर्भात या साध्या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे, आणि प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर तो सहसा नसतो. तो म्हणजे सिकलसेल. मध्य भारतात हा आजार आहे हे शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातल्या अभ्यासावरून 1958 साली जगापुढे ठेवलं. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तो रोजचा झाला आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की हे अडकणं वाढतं आणि असह्य कळा सुरू होतात. म्हणून 'एस-एस' म्हणजे आजार असलेल्या माणसाच्या माराला बर्फ लावू नये. आराम, भरपूर पाणी, अंग उबदार ठेवणं आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल, हे त्याच्यासाठी बरं. 'ए-एस' म्हणजे वाहक असलेल्यांना हातापायावरच्या साध्या माराला थंड फडकं चालतं. उलटी चूकही होते. सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे हातपाय अचानक सुजतात, ते रडतं, आणि घरात सगळे ते कुठे आपटलं याचा शोध घेत बसतात. मार लागलेलाच नसतो. हातापायांची ती सूज सिकलसेलची पहिली खूण असू शकते. कामठ्यासारख्या गावात आशाताईंच्या भिंतीवर लावायच्या प्रथमोपचाराच्या तक्त्यात बर्फाच्या ओळीखाली सिकलसेलची ओळ असायलाच हवी, असं मला फार वाटतं.

घरात सर्वांत जास्त नुकसान होतं ते चोळण्याने. मार लागलेल्या मांडीला किंवा कोपराला तेल लावून जोरात रगडलं की साकळलेलं रक्त 'मोकळं' होतं, असा समज आहे. प्रत्यक्षात फुटलेल्या वाहिन्या पुन्हा फुटतात आणि रक्त वाढतं. त्याहून वाईट म्हणजे स्नायूत साकळलेल्या रक्ताच्या जागी काही आठवड्यांनी चक्क हाड तयार होऊ लागतं. वैद्यकात त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. कोपराला मार लागल्यावर मालिश करून घेतलेली आणि मग हात सरळही होत नाही, दुमडतही नाही अशा अवस्थेत आलेली मुलं भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. मोहाच्या बियांचं तेल, मोहरीचं तेल, बाजारातली मलमं यांनी हलका हात फिरवला तर वाईट काही नाही. मायेचा हात लागला की बरं वाटतंच. दोष तेलात नाही, रगडण्यात आहे.

हाडवैद्याबद्दलही इथे स्पष्ट बोलायला हवं. गावोगावी त्यांच्यावर विश्वास आहे, आणि त्याला कारणं आहेत. ते जवळ असतात, ओळखीचे असतात, पैसे थोडे घेतात आणि दुखणाऱ्याशी बोलतात. धोका असतो बांबूच्या कामट्या घट्ट बांधण्यात. मार लागल्यावर सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढत जाते. आत सूज वाढते, बाहेरून बंधन घट्ट, अशा वेळी मधल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरू लागतात. मुलांच्या हाताची बोटं कायमची आकडून जातात, कधी हातपाय काळा पडून कापावा लागतो. कुणीही बांधलेली पट्टी असो, हाडवैद्याची वा डॉक्टरची, बोटं गार पडली, निळी-पांढरी झाली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर सकाळची वाट न पाहता ती सोडावी आणि दवाखान्यात जावं. अगदी पट्टी नसतानाही हे घडू शकतं. ट्रॅक्टरच्या चाकाखाली किंवा बैलगाडीखाली पोटरी चेंगरली, ती लाकडासारखी टणक झाली, पायाची बोटं कुणी हलवून पाहिली तरी किंचाळावंसं वाटलं आणि गोळीने दुखणं दबेना, तर वरची कातडी कितीही अखंड असो, तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. माराच्या मानाने दुखणं फारच जास्त वाटणं, ही यातली सर्वांत विश्वासाची खूण.

लेपांमध्ये हळदीचा मान पहिला. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडून 1997 मध्ये ते रद्द करवलं. आपल्या प्रत्येकाला अभिमान वाटावा अशी ती लढाई होती. पण त्या खटल्यात सिद्ध झालं ते इतकंच, की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे. अखंड कातडीवर लावलेल्या हळदीने आतलं साकळलेलं रक्त लवकर जातं, हे त्यात सिद्ध झालं नाही आणि अजूनही नाही. हळद, आंबेहळद किंवा रक्तचंदनाचा लेप ओला असेपर्यंत गारवा देतो, दुखऱ्या जागेला कुणी धक्का लावू नये याची आठवण देतो. लावावा. एकच अडचण आहे. पिवळा-लाल थर बसला की डागाचा खरा रंग आणि सूज दिसेनाशी होते. म्हणून दवाखान्यात जायचं ठरलं तर लेप धुऊन जावं. चुन्याची गोष्ट मात्र वेगळी. हळदीत चुना कालवून लावायची पद्धत गावोगाव आहे. चुना तीव्र अल्कली आहे, ओल्या कातडीवर तो भाजतो, आणि आधी फक्त मार असलेल्या जागी आता जखमही होते. लहान मुलाच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली तर दृष्टी जाऊ शकते. मुक्या माराच्या उपायांतून चुना कायमचा काढून टाकावा, या मताचा मी आहे. त्याचा फायदा काही नाही आणि तोटा पुष्कळ.

अर्निकाच्या गोळ्यांवर अनेकांची श्रद्धा आहे. 2003 साली ब्रिटनमध्ये मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 64 रुग्णांवर तिची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली गेली. दुखणं, सूज किंवा डाग यांत फरक पडला नाही. रक्त न गोठू देणारं हेपरिनचं जेल औषधांच्या दुकानात सहज मिळतं. डाग थोडा लवकर फिकट व्हावा म्हणून ते कुणी वापरलं तर हरकत नाही, पण उघड्या जखमेवर किंवा डोळ्याजवळ नको.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. धडधाकट मोठ्या माणसाला दर सहा तासांनी 500 मिलिग्रॅमची एक, फार दुखलं तर दोन गोळ्या, आणि कोणत्याही परिस्थितीत दिवसाला आठच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मुलांना वजनाप्रमाणे. दुकानदार मात्र बहुधा दोन-तीन औषधं एकत्र केलेली 'सुजेची गोळी' देतो. तिच्यात पुष्कळदा सेरॅशिओपेप्टिडेज असतं. जपानमध्ये ज्या कंपनीने ते औषध बाजारात आणलं होतं, तिनेच नव्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही म्हणून 2011 मध्ये परत घेतलं. आपल्याकडे ते अजून जोरात खपतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो. अ‍ॅस्पिरिनच्या एका गोळीचा परिणाम रक्तबिंबिकांवर आठवडाभर टिकतो. पावसाळ्यानंतर गावात डेंग्यू असेल आणि ताप आलेल्या माणसाला मारही लागला असेल, तर या गोळ्या आणि त्यांची सुई, दोन्ही टाळावं. 'डॉक्टर, एक सुई मारा' हा आग्रह सोडणं हाही घरचाच उपाय आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असलेल्या किंवा हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या कुल्ल्यात टोचलेली सुई स्वतःच मोठा मार ठरते.

आता आत दडलेल्या माराकडे. डोक्याला लागलं आणि माणूस बेशुद्ध पडला, नंतर एकाहून अधिक उलट्या झाल्या, झटका आला, बोलणं बरळल्यासारखं झालं, झोप अनावर येऊ लागली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर टेंगूळ केवढं आहे याला काही अर्थ नाही. कपाळावर मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उठली किंवा एक-दोन दिवसांनी कानामागे काळंनिळं दिसू लागलं, तर कवटीच्या तळाचं हाड मोडलेलं असू शकतं. म्हाताऱ्या माणसांमध्ये मेंदूभोवती रक्त इतक्या सावकाश साचतं, की पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आजोबा चालताना झुकू लागतात, विसरू लागतात, आणि घरातले म्हणतात वय झालं. दारू पिणाऱ्यांच्या आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीतही हेच. त्यांनी डोक्यावरचा लहानसा मारही दाखवून घ्यावा.

पोटावरचा मार फसवा. सायकलवरून पडताना मुलाच्या पोटात हँडलचं टोक बसतं आणि बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल ठसा उमटतो. मुलगा थोडा रडून खेळायला जातो. आत प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडं दुखावलेलं असेल तर ताप, उलट्या, पोट कडक होणं हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतं. गुराची लाथ पोटात किंवा बरगडीवर बसली असेल तर हेच. डाव्या बरगड्यांखाली मार आणि त्याबरोबर डाव्या खांद्यात दुखणं, लघवीत लाली, श्वास घेताना कळ, घाम येऊन चक्कर, यांतलं एकही दिसलं तर घरी थांबू नये. गर्भवती बाई पोटावर पडली असेल तर डाग असो वा नसो, बाळाची हालचाल आणि ठोके तपासून घ्यायलाच हवेत. गोंदियात त्यासाठी बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे.

विटी-दांडू खेळताना डोळ्याला लागलेली विटी अशीच. पापणी काळी झाली तरी हाताने हळूच उघडून पाहावं. बुबुळापुढे रक्ताची रेघ साचलेली दिसली, दोन-दोन दिसू लागलं किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. सिकलसेलचा साधा वाहक असला तरी डोळ्यातल्या अशा रक्ताने दाब वाढून नजर जाण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

घोट्याला लागल्यावर हाड मोडलं की नुसता मार, हे ओळखायला कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 मध्ये एक सोपी कसोटी तयार झाली, ती घरीही लावता येते. लागल्यानंतर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेने बोट दाबलं की दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. यांतलं काही नसेल तर सहसा हाड शाबूत असतं. नखाखाली रक्त साकळून ठणका लागला तर तापवलेली सुई घरी खुपसू नये. दवाखान्यात दोन मिनिटांचं काम असतं, आणि खाली हाड मोडलंय का तेही कळतं.

मार न लागता उठणारे डाग हा वेगळाच विषय, आणि घरात तो सर्वांत उशिरा लक्षात येतो. आधी औषधांचा डबा पाहावा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, एसिट्रोम, किंवा दम्या-सांध्यांसाठी दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड यांनी सहज डाग पडतात. औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके पडेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागलं, मासिक पाळीत रक्तस्राव फार वाढला, सोबत ताप किंवा वजनात घट असली, तर रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. रक्तबिंबिका कमी होण्यापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत काहीही त्यामागे असू शकतं. मुलगा रांगायला लागल्यापासून थोड्या धक्क्याने मोठाले गोळे येतात, गुडघा वारंवार सुजतो, मामाला किंवा आजोळच्या कुणा पुरुषाला असंच होतं, तर हिमोफिलियाचा विचार करावा. सुमारे 5000 मुलग्यांमागे एकाला त्याचा मुख्य प्रकार असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत. प्रमाणपत्र मिळतं, हे अनेक घरांना माहीत नसतं.

धानाच्या गावात आणखी दोन शक्यता लक्षात ठेवाव्या लागतात. शेतातल्या आणि कोठीतल्या उंदरांसाठी ठेवलेल्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या लहान मुलाने खाल्ल्या, तर पहिला दिवस काहीच होत नाही. दोन-तीन दिवसांनी अंगावर डाग पडू लागतात, हिरड्यांतून रक्त येतं. वेळेत नेलं तर 'क' नव्हे, 'के' जीवनसत्त्वाने हे आवरता येतं. वडीचं वेष्टन सोबत न्यावं. दुसरी शक्यता सापाची. संध्याकाळी धुऱ्यावर पायाला काहीतरी लागलं, काटा किंवा खुंट असेल असं वाटलं, आणि तासाभरात पाय सुजून काळानिळा पडू लागला तर तो मार समजू नये. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विषाने रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर निदान झालं. इतकी साधी ही तपासणी आहे. पाय आवळून बांधू नये, चीर देऊ नये, माणसाला चालवू नये.

वयाच्या दोन टोकांना डागांचा अर्थ वेगळा असतो. 1999 मध्ये अमेरिकेत 973 निरोगी बाळांची पाहणी झाली. धरूनही चालू न लागलेल्या बाळांपैकी फक्त 2.2 टक्क्यांच्या अंगावर डाग होते. चालणाऱ्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिकांच्या. म्हणजे चालत्या मुलाच्या नडगीवरचे, कपाळावरचे डाग ही खेळण्याची खूण. पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर एखादा डाग असेल तर तो साधा नाही. रक्ताचा आजार असेल किंवा कुणी इजा केली असेल. कान, मान, पोट, कुल्ले इथले डाग पडण्या-झडण्याने सहसा होत नाहीत. मात्र आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर ठसे असतात, ती जन्मखूण असते. दुखत नाही, दिवसागणिक रंग बदलत नाही. म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी पातळ होते, आणि हातापायांवर कुठे लागलं ते आठवत नसताना जांभळे डाग उठतात. 2005 च्या एका अभ्यासात 101 वृद्धांच्या डागांपैकी जवळजवळ नव्वद टक्के हातापायांवरच होते. मान, कान, कुल्ले, तळपाय इथे एकही नव्हता. आजीच्या दंडावर आतल्या बाजूने बोटांचे चार ठसे दिसले, तर ती कुठे आपटली हे तिला विचारताना घरातलं कुणी जवळ नसावं.

कारण मुक्या माराचं आणखी एक मोठं कारण घरातच असतं. पुन्हा पुन्हा 'मोरीत पडले' सांगत येणारी बाई दवाखान्यातल्या परिचारिकेला बहुधा ओळखू येते. प्रश्न असतो तिने पुढे काय विचारायचं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी 2000-01 मध्ये 'दिलासा' केंद्र सुरू केलं. डॉक्टर-परिचारिकांना अशी इजा ओळखण्याचं आणि बाईशी एकांतात बोलण्याचं प्रशिक्षण तिथे दिलं गेलं. पुढे ती पद्धत इतर रुग्णालयांतही गेली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण मागता येतं, 181 वर महिलांसाठी आणि 1098 वर मुलांसाठी मदत मिळते. अशा वेळी प्रत्येक डागाची जागा, आकार आणि तारीख कागदावर लिहून घ्यायला सांगावी, कारण डाग दोन आठवड्यांत जातो आणि नोंद मागे राहते.

कामठ्याहून जायचं ठरलं तर पहिला थांबा प्राथमिक आरोग्य केंद्राचा. डोकं, पोट, श्वास किंवा साप यांतलं काही असेल तर 108 ला फोन करून थेट गोंदिया गाठावं. तिथे 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कुंवर तिलकसिंह रुग्णालय, लोकांच्या तोंडी केटीएस, त्याच्याशी जोडलेलं आहे. निघताना मार किती वाजता लागला ते लिहून घ्यावं. रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि सिकलसेलचं कार्ड असेल तर ते पिशवीत टाकावं. डागाच्या कडेने पेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहावी, म्हणजे सूज वाढतेय की थांबलीय हे डॉक्टरांना पहिल्या नजरेत दिसतं. आणि शस्त्रक्रिया लागेल अशी शंका असली तर तपासणी होईपर्यंत रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये, अगदी हळदीचं दूधसुद्धा.